वाल-ओ-मॅट आणि स्मार्टवोट वापरून बघितलं: टक्के बाजूला ठेवा, कारणं वाचा

कुठल्या पक्षाशी तुमचं किती जुळतं हे टक्क्यांत सांगणाऱ्या साइट्स युरोपात बऱ्याच वर्षांपासून आहेत. सुरुवात नेदरलँडमध्ये झाली, १९८९ मध्ये स्टेमवायझर नावाची पुस्तिका आणि सोबत फ्लॉपी निघाली, १९९८ ला ती इंटरनेटवर आली, मग २००२ मध्ये जर्मनीत वाल-ओ-मॅट आलं आणि २००३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्मार्टवोट. मी शेवटची दोन नीट बसून वापरली. मला त्या दोन्ही देशांत मत नाहीये, पण लोक मत कशावरून ठरवतात हा विषय मला मनापासून आवडतो, आणि बाहेरच्या माणसाला एक फायदा असतो की तिथल्या पक्षांवर आधीपासून जीवही नसतो आणि रागही नसतो, त्यामुळे सेवा स्वतःच्या जोरावर काय देते ते स्वच्छ दिसतं.

निकाल आधीच सांगते. दोन्ही वापरण्यासारख्या आहेत, फुकट आहेत, वाल-ओ-मॅटला तर नाव ईमेल काहीच द्यावं लागत नाही. पण ज्या टक्केवारीसाठी लोक तिथे जातात तीच त्यातली सगळ्यात कच्ची गोष्ट आहे, आणि टक्केवारीच्या मागे जे पान लपलंय ते सोन्यासारखं आहे.

आधी वाल-ओ-मॅट. हे जर्मन सरकारच्या राजकीय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेचं काम आहे. निवडणूक संपली तरी जुन्या आवृत्त्या साइटवर राहतात, म्हणून मी २०२१ च्या संसद निवडणुकीची घेतली. जर्मन येत नसेल तर ब्राउझरचं भाषांतर चालू करा, काम भागतं. एकेक विधान समोर येतं, एकूण ३८, आणि प्रत्येकाला चार बटणं: सहमत, तटस्थ, असहमत, आणि हे सोडून द्या. २०२१ चं पहिलंच विधान होतं की सगळ्या आउटोबानवर (जर्मनीतले वेगवान महामार्ग) सरसकट वेगमर्यादा असावी. पुढे संरक्षणावरचा खर्च वाढवावा का, सोळाव्या वर्षापासून संसदेसाठी मत देता यावं का, असं एकामागून एक येत राहतं. भाषा साधी, एका विधानात एकच गोष्ट, उगाच फाटे फोडलेले नाहीत. ही विधानं तरुण मतदारांचा एक गट आणि राज्यशास्त्राचे जाणकार मिळून तयार करतात, निवडलेल्यापेक्षा बरीच जास्त विधानं आधी पक्षांकडे पाठवतात, पक्ष स्वतः उत्तरं देतात आणि मग ज्यांवर पक्षांची उत्तरं वेगवेगळी पडतात अशी ३८ उरतात. हे मला फार आवडलं, कारण पक्षाची भूमिका कुणी तिसऱ्याने अंदाजाने लिहिलेली नाही, पक्षानेच दिलेली आहे, उद्या त्यालाच विचारता येईल.

सगळं झालं की विचारतात कुठले मुद्दे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचे, त्यांना दुप्पट वजन मिळतं. मग पक्ष निवडायचे आणि पट्टे दिसतात, प्रत्येकावर टक्के.

इथे जरा थांबू, कारण हिशोब कसा होतो ते कळलं की त्या आकड्याकडे बघायची नजरच बदलते. तुमचं आणि पक्षाचं उत्तर तंतोतंत सारखं तर २ गुण, एक जण तटस्थ आणि दुसऱ्याचं ठाम मत असेल तर १, अगदी उलट असेल तर शून्य. सोडून दिलेलं विधान हिशोबात धरत नाहीत. म्हणजे ३८ विधानं, कुठलंही दुप्पट नाही, तर जास्तीत जास्त ७६ गुण. आता समजा एका पक्षाशी तुमचे ५२ गुण झाले आणि दुसऱ्याशी ५०, तर स्क्रीनवर ६८.४ आणि ६५.८ दिसणार आणि माणसाला वाटणार की अरे पहिला पक्ष आपला. प्रत्यक्षात हा फरक एका विधानाचा आहे. एकाच! ते विधान कदाचित असं असेल की ज्यावर तुम्ही आयुष्यात आज पहिल्यांदा विचार केलाय आणि पाच सेकंदात बटण दाबलंय.

दुसरी गंमत म्हणजे (आणि हे वापरण्याआधी माहीत असायला हवं) तटस्थ आणि सोडून द्या ही दोन बटणं एकसारखी वाटतात पण अजिबात एकसारखी नाहीत. सगळीकडे तटस्थ दाबत गेलात तर ठाम उत्तरं देणाऱ्या प्रत्येक पक्षाशी तुमचं बरोब्बर ५० टक्के जुळतं, मग तो डावा असो की उजवा. म्हणजे ५० हा अर्धा पाठिंबा नसून काहीच न कळल्याची खूण असू शकते. त्यामुळे एखादा विषय खरंच माहीत नसेल तर तटस्थ न दाबता सोडून द्यावा, आणि दोन्ही बाजू पटत असतील तेव्हाच तटस्थ. साइटने हे पहिल्या पानावर ठळक अक्षरात सांगायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फक्त माझं निरीक्षण नाही, अभ्यासकांनी ह्याच्यावर बरंच काम केलंय. बेल्जियममध्ये वालग्राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिथल्या अशाच एका चाचणीसाठी विधानांची लाखो वेगवेगळी जुळणी कॉम्प्युटरवर करून बघितली, तर कुठली विधानं घेतली ह्यावर कुठला पक्ष वर येतो हे बऱ्यापैकी बदलत होतं. लाउवेर्से आणि रोसेमा ह्यांनी २०१४ मध्ये स्टेमवायझर वापरणाऱ्यांची तीच उत्तरं घेऊन फक्त गणिताची पद्धत बदलली, आणि बहुसंख्य लोकांना वेगळा सल्ला मिळाला असता असं निघालं. उत्तरं तीच, माणूस तोच! म्हणून म्हणते टक्के सोडा. वाल-ओ-मॅटची संस्था स्वतःसुद्धा सांगते की ही मत कुणाला द्यायचं ह्याची शिफारस नाहीये, पण समोर मोठा आकडा ठेवल्यावर ते वाक्य कोण लक्षात ठेवणार.

आता ते सोन्यासारखं पान. निकालाच्या पुढे गेलात की प्रत्येक विधानासमोर पक्षांची उत्तरं दिसतात आणि त्यावर क्लिक केलं की पक्षाने आपल्या शब्दांत दिलेलं कारण उघडतं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कारण दोन पक्ष एकाच विधानाला सहमत म्हणतात तेव्हा त्यामागचा विचार एक असेलच असं नाही. वेगमर्यादेला होकार कुणी अपघातांसाठी देईल, कुणी हवामानासाठी. गुण दोघांना सारखेच, पण उद्या दुसरा एखादा प्रश्न आला तर हे दोघं दोन दिशांना जाणार हे कारण वाचल्यावरच कळतं. आणि उलटंही होतं, जिथे आपण असहमत असतो तिथे समोरच्याचं कारण वाचून वाटतं की बरं, हा माणूस वेडा नाहीये, त्याच्या डोक्यात काहीतरी आहे. प्रचारसभेत हे ऐकायला मिळत नाही, तिथे समोरचा मूर्ख किंवा चोर असतो. जाहीरनामे वाचायचे म्हटले तर शंभर शंभर पानं, कोण वाचणार, इथे तेच मुद्द्यावर येऊन दोन चार ओळीत मिळतं आणि तेही सगळ्या पक्षांचं शेजारी शेजारी.

त्याच वेगमर्यादेच्या विधानाचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण ह्या सेवेची मोठी मर्यादा तिथे दिसते. २०२१ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट आणि ग्रीन हे पक्ष वेगमर्यादेच्या बाजूने होते, फ्री डेमोक्रॅट विरोधात. निकालानंतर ह्याच तिघांनी मिळून सरकार बनवलं आणि आघाडीच्या करारात लिहिलं की सरसकट वेगमर्यादा येणार नाही. म्हणजे तुम्ही सहमत दाबलं, सहमत असलेल्या पक्षाला मत दिलं, तो पक्ष सत्तेत आला, आणि तरी उत्तर 'नाही' असंच आलं. ह्यात कुणी फसवलं असं नाही, आघाडी म्हटली की देवाणघेवाण आलीच, पण सहमत असहमतच्या चाचणीत हे कुठेच विचारत नाहीत की हा मुद्दा पक्षाला किती जिव्हाळ्याचा आहे, सौदा करायची वेळ आली तर कुठला धरणार आणि कुठला सोडणार. मुद्द्यांना दुप्पट वजन द्यायची सोय मतदाराला आहे, तशी पक्षांनाही द्यायला लावा ना! ३८ पैकी तुमचे पाच सांगा, बाकी वाटाघाटीत जाऊ शकतात. तेवढी एक गोष्ट केली तर ही सेवा दुप्पट उपयोगी होईल.

स्मार्टवोट वेगळ्या बांध्याचं आहे. इंग्रजीतही आहे त्यामुळे भाषेची अडचण नाही. इथे पक्षापेक्षा उमेदवार महत्त्वाचा, उमेदवार स्वतः प्रश्नावली भरतात आणि तुमची तुलना एकेका माणसाशी होते. स्वित्झर्लंडला हे बरोबर बसतं कारण तिथे संसदेच्या निवडणुकीत एका पक्षाच्या यादीत दुसऱ्या पक्षाचं नाव घालता येतं, नको ते नाव खोडता येतं, एकच नाव दोनदा लिहिता येतं. झुरिकसारख्या मोठ्या कँटनमध्ये (म्हणजे तिथलं राज्य) उमेदवार शेकड्याने असतात, तिथे चाळणी नसेल तर माणूस ओळखीची दोन नावं बघून मोकळा होतो. २०२३ ची सविस्तर प्रश्नावली ७५ प्रश्नांची होती, छोटी तिच्या निम्म्याहून कमी. उत्तरंही नुसतं हो नाही असं नाही, हो, बहुतेक हो, बहुतेक नाही, नाही, आणि खर्चाच्या प्रश्नांना कमी जास्त कुठे करायचं ते. शेवटी कोळ्याच्या जाळ्यासारखी एक आठ कोनांची आकृती मिळते, परराष्ट्र धोरण, अर्थव्यवस्था, सरकारी खर्च, कायदा सुव्यवस्था, स्थलांतर, पर्यावरण, समाजकल्याण, सामाजिक मोकळेपणा. ही आकृती मला टक्क्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटली. एकाच पक्षाचे दोन उमेदवार घ्या, दोघांच्या आकृत्या एकावर एक ठेवा, कुठे फाटा फुटतो ते डोळ्यांना दिसतं. लांबी मात्र दमवते, पन्नाशीच्या पुढे गेल्यावर लक्ष उडायला लागतं आणि माणूस काहीही दाबत सुटतो, तेव्हा दोन बैठकीत करा.

आता माझा मोठा आक्षेप, आणि तो दोन्ही सेवांना लागू आहे. ह्यांनी गृहीत धरलंय की मतदार म्हणजे मुद्द्यांची यादी घेऊन फिरणारा माणूस. खरोखर तसं असतं का? १९४० मध्ये अमेरिकेत ओहायोच्या इरी काउंटीत लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या टीमने त्याच त्या मतदारांना महिनोन्महिने पुन्हा पुन्हा भेटून विचारलं की मत कुणाला, का, बदललं का. अपेक्षा अशी की प्रचाराने लोक बदलताना दिसतील. दिसलं असं की फारच थोड्यांनी पक्ष बदलला, आणि कोण कुठे जाणार हे धर्म, आर्थिक स्थिती आणि गावात राहतो की शहरात ह्यावरून बरंचसं आधीच सांगता येत होतं. रेडिओ आणि पेपरपेक्षा घरच्यांचं आणि ओळखीच्या माणसांचं बोलणं जास्त चालत होतं. पुढे १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडलं की पक्षाशी असलेलं नातं माणूस लहानपणापासून घरातून घेऊन येतो आणि मुद्द्यांवरची मतं बऱ्याचदा त्या नात्याच्या मागून येतात. म्हणजे आधी आपला पक्ष, मग आपली मतं. चाचणी नेमकी उलटीकडून सुरू करते.

चेहऱ्याचंही आहे. २००५ मध्ये तोदोरोव आणि सहकाऱ्यांनी लोकांना अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे फोटो अगदी थोडा वेळ दाखवले, नावं नाहीत पक्ष नाही, आणि विचारलं कोण जास्त सक्षम दिसतो, तर सुमारे ७० टक्के लढतींत सक्षम वाटलेला चेहराच जिंकलेला होता. ज्यांनी फोटो ओळखला त्यांची उत्तरं बाजूला काढून. मला हे वाचून वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. पण म्हणूनच अशा चाचणीची एक बाजू मला फार मोलाची वाटते, वाल-ओ-मॅटवर विधान वाचताना चेहरा नाही, झेंडा नाही, गाणं नाही, कुणाचा आवाज नाही. तेवढी काही मिनिटं मुद्दा आणि तुम्ही. रोजच्या राजकारणात हे कुठे मिळतं?

जे मात्र मला अजिबात पटलं नाही ते म्हणजे मागचा कारभार कुठेच विचारत नाहीत. बहुतेक माणसं मत देताना पुढचं वचन कमी आणि मागची पाच वर्षं जास्त बघतात, काम मिळालं का, महागाई कुठे गेली, संकट आलं तेव्हा हे लोक कुठे होते. आणि ह्यात अडाणीपणा काही नाही, उलट शहाणपण आहे, कारण वचन फुकट असतं आणि कारभार झालेला असतो. ही चाचणी सगळी पुढच्या वचनांवर. सत्तेत असलेल्या पक्षाने ज्याला आज सहमत म्हटलंय त्यावर मागच्या संसदेत हात कुठे वर केला होता ते शेजारी दाखवलं तर काय बिघडेल? संसदेतल्या मतदानाच्या नोंदी तर उघड असतात. नेता भरवशाचा आहे का, सरकार चालवायची कुवत आहे का, हेही सहमत असहमतमध्ये मावत नाही, ते सोडा, पण नोंदी तरी जोडा.

मत द्यायला मुळात जायचंच का ह्या प्रश्नाला तर ह्या सेवा हातच लावत नाहीत. १९५७ मध्ये अँथनी डाउन्सने हिशोब मांडला होता की लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरायची शक्यता इतकी कमी की जायचा त्रास परवडत नाही, आणि तरी लोक जातात. १९६८ मध्ये राइकर आणि ऑर्डशुक ह्यांनी त्या हिशोबात कर्तव्याचं समाधान धरलं. ते बरोबरच आहे, पण अजून एक गोष्ट आहे, बाकीच्यांना कळणार आहे ही जाणीव. २००६ मध्ये मिशिगन राज्यात गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर ह्यांनी सुमारे १,८०,००० घरांवर प्रयोग केला. काही घरांना पत्र पाठवलं ज्यात त्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मतदान केलं होतं की नाही ते छापलेलं, कुणाला केलं ते नाही, फक्त केलं की नाही, आणि निवडणुकीनंतर पुन्हा असंच पत्र येईल असं लिहिलेलं. पत्र न गेलेल्या घरांत मतदान २९.७ टक्के, ह्या घरांत ३७.८. नुसतं कर्तव्याची आठवण करून देणारं पत्र ज्यांना गेलं तिथे ३१.५. एका कागदाने आठ टक्क्यांचा फरक, आणि त्यावर मुद्दा एकही नाही. मला स्वतःला ते पत्र आलं तर राग येईल, आणि मी जाईनही.

चाचणी वापरणारे लोक जास्त मतदान करतात असं अनेक अभ्यासांत दिसतं, पण इथे सावध राहायला हवं, कारण वापरतात कोण, तर बहुतांशी तरुण, शिकलेले, राजकारणात आधीच रस असलेले, जे तसेही गेलेच असते. लॉटरी पद्धतीने गट पाडून केलेल्या प्रयोगांत परिणाम बराच कमी निघतो. त्यामुळे २०२१ मध्ये वाल-ओ-मॅट २ कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं हा आकडा मोठाच आहे, मला त्याचं कौतुक आहे, पण त्यातून किती माणसं घराबाहेर पडली हे त्यावरून काढू नये.

एक तक्रार आता मिटलीये ती सांगून टाकते. पूर्वी वाल-ओ-मॅटमध्ये एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता यायची, साहजिकच लोक नाव माहीत असलेले मोठे आठ निवडायचे. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीच्या तोंडावर व्होल्ट नावाचा छोटा पक्ष कोर्टात गेला आणि कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने ह्या स्वरूपात साइट चालवायला मनाई केली, मग तडजोड झाली आणि मतदानाच्या आत ती परत सुरू झाली. आता सगळे पक्ष एकदम बघता येतात आणि ते खूप बरं झालं.

आणि कुणी म्हणेल की एवढं कशाला, चॅटबॉटला विचारू. नका विचारू. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेदरलँडच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने चार चॅटबॉट तपासून इशारा दिला होता की उत्तरं काहीही दिली तरी अर्ध्याहून जास्त वेळा तेच दोन पक्ष वर येतात. वाल-ओ-मॅटचे टक्के कच्चे असले तरी हिशोब उघडा आहे, कागदावर आपण स्वतः करून बघू शकतो, चॅटबॉटचं तसं काही नाही.

वापरणार असाल तर माझं सांगणं एवढंच. मतदानाच्या आदल्या रात्री करू नका, दोन तीन आठवडे आधी करा म्हणजे कारणं वाचायला वेळ राहतो. पक्षांचे पट्टे बघायच्या आधी स्वतःला विचारा की मागच्या वेळी मत कशावरून दिलं होतं, घरात सगळे देतात म्हणून, माणूस आवडला म्हणून, राग होता म्हणून, की काही काम झालं होतं म्हणून. दुप्पट वजन जास्तीत जास्त चार पाच विधानांना द्या, सगळंच महत्त्वाचं म्हटलं की त्या बटणाला अर्थ राहत नाही. ज्या पक्षाला मत द्यायचं जवळपास ठरलंय त्याची तुमच्याशी न जुळलेली विधानं उघडून त्याचं कारण आधी वाचा, आणि ज्याला कधीच देणार नाही त्याची जुळलेली. घरात दोघं तिघं असाल तर प्रत्येकाने आपापलं वेगळं करा आणि मगच एकमेकांना दाखवा, कारण शेजारी बसून केलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच उत्तरं सगळ्यांची होतात.

वाल-ओ-मॅटला पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन त्या कारणांच्या पानाचे. स्मार्टवोटला चार. मागच्या मतदानाच्या नोंदी जोडल्या की दोघांनाही अर्धा अर्धा वाढवून देईन.